खोलीने खाल्लेली किक

माझा पहिला ट्रॅक मोठ्या साउंडवर वाजला तेव्हा मी डीजेच्या बूथच्या बाजूलाच उभा होतो, आणि तरी हा माझा ट्रॅक आहे हे कळायला मला आठ बार, म्हणजे बत्तीस ठोके, लागले. पुण्यातला एक छोटा क्लब, गुरुवारची रात्र, समोर पन्नासेक माणसं. बरीच वर्षं टेक्नो, म्हणजे यंत्रांवर रचलेलं ठोक्याचं नृत्यसंगीत, वाजवणारा एक दादा आहे, त्याने माझी फाइल पेनड्राइव्हवर घेतली होती आणि साडेअकराच्या सुमाराला न सांगता लावली. घरी जी किक, म्हणजे तळाच्या ड्रमचा ठोका, छातीवर टक्कन बसायची, ती इथे लोटासारखी अंगावर आली. ठोका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा पत्ता नाही, त्याच्याखाली बेस बुडालेला, आणि वर हाय-हॅटची झांज सुई टोचावी तशी. नाचणारी माणसं थांबली नाहीत, पण त्यांचे पाय सैल पडले. ते मला स्पष्ट दिसलं. दीड मिनिटात दादाने पुढचा ट्रॅक आत आणला. नुसती एक किक आणि एक टॉम ड्रम, आणि सगळा फ्लोअर पुन्हा एका ठोक्यावर आला.

नंतर चहाच्या गाडीवर तो म्हणाला, “तुझी किक मोठी नाहीये रे, ती सांडलीये. तू घरी कुठे बसून ऐकतोस ते आधी बघ.”

तोवर मी दोन वर्षं ट्रॅक बनवत होतो. एबलटन लाइव्ह हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर हाताखाली बसलं होतं, पगारातून त्याला जोडायचे प्लगइन घेतले होते, सॅम्पलांनी, म्हणजे तयार आवाजांच्या तुकड्यांनी, एक हार्डडिस्क भरली होती. माझ्या डोक्यात क्रम ठरलेला होता: आधी ट्रॅक रचायचा, मग शेवटच्या आठवड्यात तो मिक्स करायचा, म्हणजे त्यातले आवाज एकमेकांत बसवायचे, आणि ‘आपला स्वतःचा आवाज’ वगैरे जे काही असतं ते पुढे कधीतरी सापडेल. त्या रात्रीनंतरच्या अडीच वर्षांत हा क्रम पार मोडला.

सुरुवात खुर्चीपासून झाली. वारज्यातली माझी भाड्याची खोली १० बाय ११ फूट. कपाट आणि दार यांच्यामुळे टेबल असं बसलं होतं की माझी खुर्ची लांबीच्या बरोबर मध्यावर यायची. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची एक लाट अडकून उभी राहते. त्यातली सगळ्यात खालची लाट म्हणजे जिची अर्धी लांबी खोलीच्या लांबीएवढी असते ती. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३४३ ला ६.७ ने भागा, ५१ हर्ट्झ येतात. या लाटेचा दाब भिंतींजवळ सगळ्यात जास्त आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य असतो. माझी किक ‘जी’ या सुरावर लावलेली, म्हणजे ४९ हर्ट्झवर. दोन वर्षं मी नेमका तिथे बसलो होतो जिथे माझी किक पोहोचतच नव्हती. ती कमी पडते म्हणून मी ईक्यूने (हवे ते सूर चढवायच्या-उतरवायच्या साधनाने) तिथे ६ डेसिबल चढवले होते, आणि क्लबच्या सबवूफरने ते सहाच्या सहा प्रामाणिकपणे बाहेर काढले.

हिशेबाने हे कळलं, पटलं मात्र उठून चालल्यावर. ५० हर्ट्झचा साधा साइन सूर लावला आणि खुर्चीतून उठून मागच्या भिंतीकडे गेलो. खुर्चीत होता नव्हता वाटणारा सूर भिंतीपाशी एवढा वाढला की कपाटावरचं स्टीलचं पातेलं थरथरायला लागलं. परत खुर्चीत आलो, गायब. जो कोणी घरच्या खोलीत ट्रॅक बनवतो त्याने हे एकदा तरी करावं. पैसा लागत नाही, आणि पुढची दोन वर्षं वाचतात.

मग मित्राचा मेजरमेंट माइक आणला आणि रूम ईक्यू विझार्ड या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर खोली मोजली. ५१ जवळ १४ डेसिबलचा खड्डा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पट्ट्या आणून चौकटी ठोकल्या, आत ४८ डेन्सिटीचं चार इंच रॉकवूल भरलं, वरून घरच्या मागावरचं ग्रे, म्हणजे कोरं, कापड ताणलं. दोन दिवस अंगाला खाज सुटली होती. पुन्हा मोजलं तर तो खड्डा जेमतेम एका डेसिबलने भरलेला! ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर, चार इंच रॉकवूल तिला काय अडवणार. वरच्या आवाजांचं भिंतीवरून परतणं त्या पॅनेलांनी थांबवलं, क्लॅप आणि हॅट स्वच्छ झाल्या, तो फायदा मोठा होता. पण खालचं दुखणं बरं झालं ते कपाट सरकवून खुर्ची पुढच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणल्यावर. खड्डा पाच डेसिबलवर आला. उरलेल्या पाचांसाठी मी हेडफोनवर तपासतो.

खोलीच्या खालोखाल आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते वेगाने वर येतात. मी रात्री जोरात ऐकायचो, म्हणून मला सगळंच दणदणीत वाटायचं. आता शेजारच्याशी सहज बोलता येईल एवढ्याच आवाजात बसतो. त्या आवाजात किक आणि मुख्य सूर यांचं नातं जमलं तर ते सगळीकडे जमतं. दिवसातून एकदा, दोन मिनिटं, मोठा आवाज करून फक्त तळ तपासतो आणि परत खाली घेतो.

याला आणखी एक कारण आहे. आमचं घर इचलकरंजीचं. आप्पा खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणारे, आठ यंत्रमागांची शेड. पस्तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहिल्यावर त्यांच्या कानांची तपासणी केली, तेव्हा आलेखात ४००० हर्ट्झजवळ इंग्रजी व्ही सारखी खाच होती. गोंगाटाने गेलेल्या कानाची ती खूण. सकाळी पक्षी ओरडतात ते त्यांना ऐकू येत नाही. तो कागद पाहिल्यापासून मी इअरप्लगशिवाय क्लबमध्ये पाऊल ठेवत नाही, आणि जे ठेवतात त्यांच्याशी भांडतो.

आता किकबद्दल सविस्तर, कारण टेक्नोत बाकी सगळं तिच्या उरलेल्या जागेत बसतं.

मी १३२ बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १३२ ठोक्यांवर, काम करतो. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ४५४ मिलीसेकंद. पूर्वी माझ्या किकची शेपटी ४०० मिलीसेकंदांपर्यंत लोळत जायची, आणि वरून मी बेसलाइन टाकायचो. दोघांना एकाच वेळी एकच जागा हवी. मग साइडचेन लावून (किक वाजली की दुसरा आवाज आपोआप खाली जातो) बेस दाबायचो, मग बेस कमी पडला म्हणून चढवायचो, असं चालू राहायचं. एका रविवारी सगळं काढून टाकलं आणि फक्त किक ठेवली. तिची शेपटी २०० मिलीसेकंदांवर कापली. एकटी ऐकली तर ती दरिद्री वाटली. पण आता मागे अडीचशे मिलीसेकंदांची मोकळी जागा होती, आणि त्या जागेत काय असावं हा प्रश्न मी पहिल्यांदाच स्वतःला विचारला.

तिथे रम्बल बसवला. टेक्नोवाल्यांना ही रीत ठाऊक आहे: किकच सेंडवरून, म्हणजे वेगळ्या वाटेने, लांब रिव्हर्बमध्ये (कृत्रिम घुमण्यात) पाठवायची, बाहेर येईल त्याला डिस्टॉर्शन देऊन फाडायचं, लो-पास फिल्टरने १२० हर्ट्झच्या वरचं कापायचं, आणि मूळ किक वाजते तेव्हा साइडचेनने त्याला खाली दाबायचं. ठोक्यांच्या मध्ये जमिनीखालून काहीतरी सरकतंय असं वाटतं. माझी चूक अशी की रिव्हर्ब स्टीरिओ होता आणि तो मी तसाच ठेवला. हेडफोनवर भव्य. डावी-उजवी बाजू एक करणारं मोनोचं बटण दाबलं तर अर्धा रम्बल नाहीसा, कारण डावी आणि उजवी बाजू एकमेकींना खात होत्या. क्लबमधले सबवूफर बहुतेक वेळा मोनोच असतात. तेव्हापासून १२० च्या खालचं सगळं मी मोनो करतो आणि मगच पुढे जातो.

आणखी एक. फोनच्या इवल्याशा स्पीकरवर ५० हर्ट्झ वाजतच नाहीत, तरी चांगल्या ट्रॅकची किक फोनवरही कळते. ती कळते कारण सॅच्युरेशनने, म्हणजे आवाज किंचित फाडून, १००, १५०, २०० वर तिची भावंडं तयार केलेली असतात, आणि त्यांच्यावरून मूळ सूर आपला मेंदू भरून काढतो. हे समजल्यावर मी किक ‘मोठी’ करणं सोडलं आणि तिला थोडं खरखरीत करायला लागलो. आवाजाचा फेडर तीन डेसिबल खाली आला आणि किक जास्त जवळ वाटायला लागली.

मग साठ दिवस एक नेम पाळला. रोज ऑफिसहून आल्यावर एक लूप, म्हणजे फिरत राहणारा छोटा तुकडा. त्यात ९०९ या जुन्या ड्रम मशीनची किक, एक हॅट आणि एकच सिंथ (सिंथेसायझर), चौथा आवाज घ्यायचा नाही. शेजारी आवडत्या ट्रॅकचा एक तुकडा, त्याचा आवाज माझ्या लूपएवढा खाली आणलेला. हे खाली आणणं महत्त्वाचं, कारण मास्टर केलेला, म्हणजे शेवटचा हात फिरवलेला, ट्रॅक आधीच मोठा असतो आणि मोठं ते चांगलं वाटतं. पंधराव्या-विसाव्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. मिक्समध्ये मी जे झगडत होतो त्यातलं बहुतेक निवडीत आधीच चुकलेलं होतं. ज्या दिवशी तीन आवाज एकमेकांना सोडून बसणारे निवडले, त्या दिवशी ईक्यू उघडावा लागला नाही. मिक्स आणि आपला आवाज हे दोन वेगळे धडे आहेत असं मी समजत होतो, आणि दोन वर्षं त्यातच गेली.

पण आपला आवाज म्हणजे काय? टेक्नो हे डेट्रॉइटचं संगीत. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन हे तिघे त्या मोटारींच्या शहराजवळ बेलव्हिलला एकत्र शाळेत होते. १९८३ साली आलेलं रोलँडचं टीआर-९०९ बाजारात फारसं चाललं नाही. त्याची किक सर्किटमधून जन्मते, हॅट मात्र ६ बिटचे सॅम्पल आहेत. असली टाकाऊ ठरलेली यंत्रं घेऊन काळ्या तरुणांनी एक संगीत उभं केलं. मला हे वाचून आमचं गाव आठवलं. तेही यंत्रांचं, तिथेही दिवसरात्र पाळ्या. आपल्या घरातच टेक्नो आहे असं वाटून मी दिवाळीत रेकॉर्डर घेऊन शेडमध्ये गेलो, आठही माग सुरू होताना आणि चालू असताना अर्धा तास टिपून आणला, आणि तीन ट्रॅकमध्ये घातला.

तिन्ही फसले. फाइलमध्ये तो खडखडाट कुठल्याही गावातल्या कुठल्याही कारखान्याचा वाटत होता. किकच्या वर पसरलेली चटई, बस्स. मी त्याला शोभेसाठी चिकटवलं होतं आणि ऐकणाऱ्यालाही ते तसंच ऐकू येत होतं. ते ट्रॅक मी पुसून टाकले.

कामी आले ते त्या फाइलचे पहिले चाळीस सेकंद. पहाटे साडेपाचची वेळ. आप्पांनी मोटर चालू केलेली, हँडल अजून ओढलेलं नाही, आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा पेटीत गप्प. मोटरची आणि ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, एवढंच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटर गुणगुणते ती १०० हर्ट्झवर, आणि वर २००, ३००. हे माझ्या किकखाली ठेवलं तर भयंकर वाजलं. माझा वरचा जी ९८ वर, गुणगुण १०० वर, दोन हर्ट्झचा फरक म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे, वाँव-वाँव, वाँव-वाँव. आठवडाभर मी अरुंद फिल्टर लावून ती गुणगुण कापायचा प्रयत्न करत होतो. कापली की उरायचं काय? काहीच नाही.

माझी आत्येबहीण गाणं शिकते. ती घरी आली होती, हा हेलकावा ऐकून म्हणाली, “तंबोरा गळ्याला लावायचा असतो ना? तू गळा कापत बसलायस. तुझा षड्ज मोटरचा आहे, बाकीचं त्याला लाव की.”

मी सगळा ट्रॅक ३५ सेंटने वर चढवला. सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग, आणि ३५ सेंट चढवले की ४९ चा जी बरोबर ५० होतो. किक ५० वर, बेस ५० वर, सिंथ १०० वर. हेलकावा मिटला आणि मोटर ट्रॅकच्या आत बसली. पण पूर्ण मिटला नाही, आणि खरी मौज तिथेच आहे. आपल्या वीजग्रिडची वारंवारता ठरवून दिलेल्या ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात सतत थोडी हलत असते. माझा सिंथ १०० वर ठाम, मोटर त्याच्या आजूबाजूला तरंगणारी. वीज ४९.९५ वर असली की मोटर ९९.९ वर गुणगुणते, आणि दहा सेकंदांत एकदा एक मंद फुगवटा येतो. पुढचा बारा सेकंदांनी, मग आठ. एलएफओ (आवाज ठरल्या गतीने हलवणारं साधन) लावून असं पुष्कळदा करून पाहिलं, पण तो श्वास आला नाही, कारण एलएफओ पुन्हा तसाच येतो.

त्यानंतरचे माझे सातही ट्रॅक याच पट्टीत आहेत. यंत्रांना षड्ज देण्यात नवं काही नाही, हेही सांगायला हवं. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या ८०८ ड्रम मशीन आणि ३०३ बेस मशीनच्या साथीने दहा राग वाजवून रेकॉर्ड केले होते, शिकागोतून ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत यायच्या पाच वर्षं आधी. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. त्यांचं काम पुन्हा लोकांपुढे यायला २०१० उजाडलं. ते ऐकताना तंबोऱ्याचा धागा किती निवांतपणे यंत्राखाली चालतो याकडे मी कितीदा तरी लक्ष देऊन बसलोय.

मला भीती होती की या पट्टीमुळे माझे ट्रॅक इतरांच्या ट्रॅकशी बेसूर होतील. दादाने ती एका वाक्यात घालवली. की-लॉक (वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारी सोय) बंद ठेवून त्याने माझा १३२ चा ट्रॅक १२९.३ वर आणला. वेग दोन टक्के उतरला की सूरही ३५ सेंट उतरतो, आणि ट्रॅक आपोआप सगळ्यांच्या जी वर येऊन बसतो. “विनाइलवर आम्ही हेच तर करायचो,” तो म्हणाला.

शेडच्या त्या फाइलमधून आणखी एक गोष्ट घेतली. एक माग एकटा चालू असतानाचा तुकडा मोठा करून पाहिला. आमचे माग मिनिटाला १३०-१४० पिकांचे, म्हणजे धोट्याच्या तेवढ्या फेकींचे. धोटा डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, आणि पाच नंबरच्या मागावर उजवीकडचा ठोका दर वेळी साधारण १८ मिलीसेकंद उशिरा पडत होता. कानाला तो उशीर म्हणून कळत नाही, नुसती चाल थोडी लंगडी आणि जड वाटते. आवाज टाकून दिला आणि फक्त तो उशीर ठेवला: प्रत्येक दुसरा क्लॅप १८ मिलीसेकंद मागे. सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या ग्रिडवर काटेकोर बसवलेला माझा लूप पहिल्यांदा चालायला लागला.

गेल्या पावसाळ्यात आप्पा दवाखान्याच्या कामासाठी पुण्याला आले होते. मी काय करतो ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर स्वतःहून खोलीत आले, म्हणाले, “लाव बघू.” मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. हॅट त्यांना ऐकू येणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी काही चढवलं नाही, होतं तसं लावलं. ते डोळे मिटून बसले. एक तळहात टेबलावर पालथा ठेवला होता, शेडमध्ये मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा. दोनेक मिनिटांनी डोळे न उघडता म्हणाले, “उजवीकडचा धोटा उशिरा पडतोय की रं.”

मी सांगितलं, “आप्पा, पाच नंबर हाय त्यो.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचा विषय काढून म्हणाले, “जॉबर तीनदा आला, पर त्यो काय सुधारला न्हाई. कापड मात्र चांगलं द्यायचा.” आणि ट्रॅक संपेपर्यंत बसून राहिले.

त्याच ट्रॅकची फाइल महिन्याभराने दादाला दिली. तोच क्लब, तेच स्पीकर बॉक्स. मी या वेळी बूथपाशी थांबलो नाही, मागच्या भिंतीला टेकलो, कारण तळाची चूक तिथे सगळ्यात आधी कळते. किक आली, संपली, आणि तिच्या मागची जागा मोकळी राहिली. रम्बल पायांखाली होता. मोटरचा पहिला फुगवटा आला तेव्हा पुढची एक मुलगी नाचता नाचता मान वर करून छताकडे बघायला लागली, आवाज कुठून येतोय ते शोधत. क्लॅप मात्र त्या बॉक्सवर फारच पुढे येत होता, भरलेल्या खोलीतही टोचत होता. घरच्या पॅनेलांनी वरचे आवाज एवढे शांत केलेत की मी तो नकळत चढवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दीड डेसिबल खाली घेतला, २ किलोहर्ट्झपाशी थोडा कापला, आणि फाइल पुन्हा पाठवली.